गाडी माझ्या नावावर, विमा कोणाचा?

भोरच्या एसटी स्टँडसमोर सकाळी दहाच्या सुमाराला पाच मिनिटं उभं राहून पाहा. मुलाला शाळेत सोडून बँकेकडे निघालेली शिक्षिका, पायाशी दुधाची किटली ठेवून आलेल्या वहिनी, भाटघरकडून येणाऱ्या अंगणवाडीताई, सासूबाईंना मागे बसवून दवाखान्यात निघालेली सून. सगळ्या स्कूटरवर! चारचाकी चालवणाऱ्याही आता काही कमी नाहीत. गाडी अंगवळणी पडली, पेट्रोलचा भाव तोंडपाठ झाला. पण गाडीच्या विम्याचं विचारलं, की उत्तर ठरलेलं, "ते सगळं हे बघतात."

मी काही विमा एजंट नाही. बँकेत नोकरी झाली, त्यामुळे बारीक अक्षरातला कागद वाचायची सवय तेवढी लागली. मध्यंतरी वेल्ह्याला, म्हणजे आता ज्याला राजगड तालुका म्हणतात तिथे, एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. कर्जाचं बोलणं झालं आणि विषय गाड्यांवर आला. एकजण बराच वेळ गप्प बसली होती. शेवटी म्हणाली, "ताई, माझ्या नावावर स्कूटर होती. विम्यात पंधरा लाख लिहिले होते. मालक गेले, तर कंपनीने एक रुपया दिला नाही."

मालक म्हणजे तिचा नवरा. पाबे घाटात वळणावर गाडी घसरली आणि जागीच गेला. कागद मागवून पाहिला. कंपनीने नियमाप्रमाणेच नाही म्हटलं होतं. तो नियम तिला कोणी कधी सांगितला नव्हता, दुःख याचं होतं. त्या दिवशी बायकांनी विचारलेले आणि पुढे भोरमध्येही अनेकींनी विचारलेले प्रश्न आज तुमच्यासमोर ठेवते.

ते पंधरा लाख कोणाचे?

पॉलिसीवर 'ओनर-ड्रायव्हर'साठी वैयक्तिक अपघात संरक्षण असं लिहिलेलं असतं. रक्कम 15 लाख. 2018 पासून ती एवढी झाली. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर पूर्ण रक्कम मिळते. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गमावला तर निम्मी. दवाखान्याचं बिल यातून मिळत नाही.

आता अटी ऐका. ज्याच्या नावावर आरसी बुक आहे, ज्याचं नाव पॉलिसीवर आहे आणि ज्याच्याकडे चालू लायसन्स आहे, अशाच व्यक्तीसाठी हे संरक्षण असतं. तिन्ही गोष्टी एकाच माणसात हव्यात. आपल्याकडे गाडी घेताना बायकोचं नाव लकी म्हणून लावतात, कधी कर्ज तिच्या नावावर असतं म्हणून लावतात. चालवतो नवरा. वेल्ह्याच्या त्या बाईचं तेच झालं होतं. गाडी तिची, चालवणारा तो. आणि तिच्याकडे लायसन्सच नव्हतं! म्हणजे त्या संरक्षणाचा हप्ता भरला होता, पण तो ना त्याच्या कामाचा, ना तिच्या.

असाच एक खटला 2009 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. इरकल साड्यांचं जे इलकल गाव, तिथून मोटरसायकलवर निघालेला एक माणूस. गाडी दुसऱ्याकडून मागून आणलेली. पुढची बैलगाडी अचानक थांबली, हा तिच्यावर आदळला आणि गेला. त्याच्या बायकोने भरपाई मागितली. न्यायालय म्हणालं, मागून आणलेली गाडी चालवणारा मालकाच्याच जागी उभा राहतो. चूक कोणाची हे न पाहता भरपाई देणारं जे कलम आहे, त्याखाली त्याच्या वारसांना स्वतःच्याच गाडीच्या विम्याकडून दावा लावता येत नाही. दुसऱ्या कलमाखाली काही मिळतं का, हे पाहायला प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत गेलं.

म्हणून मैत्रिणींनो, घरात गाडी खरोखर कोण चालवतं ते पाहा आणि त्या माणसाच्या नावाने वेगळा अपघात विमा घ्या. मोठा परवडत नसेल, तर निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी हवीच. वर्षाला 20 रुपये, 2 लाखांचं संरक्षण, वय 18 ते 70. बँकेच्या खात्यातून आपोआप कापून जातात. आणि गाडी तुमच्या नावावर असेल आणि तुम्ही ती चालवत असाल, तर लायसन्सची मुदत आजच बघा.

थर्ड पार्टी आणि फुल इन्शुरन्स यात फरक काय?

थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान होईल, त्याची भरपाई. हा विमा 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्यांदा 2000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. माणूस दगावला किंवा जखमी झाला, तर न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम कंपनी देते, तिला वरची मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र मर्यादा आहे. चारचाकीसाठी साडेसात लाख, दुचाकीसाठी एक लाख. नसरापूरच्या रस्त्यावर कोणाची म्हैस आडवी आली आणि चूक आपली ठरली, तर तिची भरपाई यातून जाते. आपल्या गाडीचा फुटलेला दिवा मात्र यातून मिळत नाही.

आपण ज्याला 'फुल इन्शुरन्स' म्हणतो, त्यात थर्ड पार्टी तर असतेच, शिवाय आपल्या गाडीचं नुकसान आणि चोरीही येते. नवी चारचाकी घेताना थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांची आणि दुचाकीची पाच वर्षांची काढावी लागते. हा नियम सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1 सप्टेंबर 2018 पासून आला. इथेच गफलत होते. पहिल्या वर्षी दोन्ही असतं, दुसऱ्या वर्षी गाडीच्या नुकसानीचा भाग संपतो, पण कागदावर पुढची तारीख दिसते म्हणून घरचे निर्धास्त. पॉलिसीवर दोन तारखा असतात, दोन्ही वाचा.

माझ्या मागे बसलेल्या लेकराचं काय?

हा प्रश्न सगळ्यांत कमी जणींनी विचारला, पण उत्तर सगळ्यांनी ऐकावं असं आहे. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर आपल्याच स्कूटरवर मागे बसलेली व्यक्ती त्यात धरली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली तसा निकाल दिला आहे. फुल पॉलिसीत मात्र मागे बसलेले आणि गाडीत बसलेले धरले जातात, हे विमा नियामकाने 2009 मध्ये कंपन्यांना स्पष्ट कळवलं. जुनी स्कूटर आहे, आता कशाला फुल, असं म्हणताना मागच्या सीटवर रोज कोण बसतं तेही आठवा. चूक समोरच्या गाडीची असेल, तर तिच्या विम्याकडून भरपाई मागता येते. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज लागतो. कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून उशीर नको.

जावेला कमी हप्ता, मला जास्त का?

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, तो सगळ्या कंपन्यांचा सारखाच. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांत 75 ते 150 सीसीच्या दुचाकीला 714 रुपये, हजार सीसीपर्यंतच्या मोटारीला 2094 आणि हजार ते दीड हजार सीसीला 3416 रुपये वर्षाला, अधिक 18 टक्के जीएसटी. म्हणजे नेहमीच्या स्कूटरला साधारण 843 रुपये. दुसऱ्या वर्षी कोणी यात 'खास सूट' देतो म्हणाला, तर सावध व्हा.

फरक पडतो तो आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. तो दर 1 जानेवारी 2007 पासून कंपन्यांवर सोडला आहे. गाडीचं मॉडेल, वय, इंजिन आणि नोंदणीचं ठिकाण यावर तो ठरतो. भोर-वेल्ह्याच्या गाड्या एमएच 12, म्हणजे पुण्याच्या नोंदणीच्या. जुन्या दरपत्रकात पुणे मोठ्या शहरांच्या 'अ' विभागात होतं आणि विभाग ठरायचा तो नोंदणीच्या कार्यालयावरून. गाडी गावात फिरणार असली, तरी हिशेब शहराचा! म्हणून दोन-तीन कंपन्यांचे दर विचारूनच घ्या.

दर कमी दाखवण्याची एक युक्ती असते. गाडीची किंमतच कमी लावायची. पॉलिसीत तिला आयडीव्ही म्हणतात. गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली, तर यापेक्षा जास्त मिळत नाही. तीन वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला 40 टक्के घसारा धरतात. म्हणजे 6 लाखांची गाडी 3 लाख 60 हजारांची. एजंटने अडीच लाख लिहिले, तर हप्त्यात वाचलेले पैसे एका फटक्यात जातील.

आणि नो क्लेम बोनस विसरू नका. एक वर्ष क्लेम नसेल तर 20 टक्के सूट, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षी 50. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, गाडी विकली तरी नव्या गाडीला लावता येतो. पण पॉलिसी संपल्यावर 90 दिवसांत नवी काढली नाही, तर तो जातो. किरकोळ ओरखड्यासाठी क्लेम करण्याआधी हा हिशेब मांडा.

दरड कोसळली, पाणी शिरलं तर?

आपल्याकडे हा प्रश्न येणारच. वरंधा घाट दरडींच्या भीतीने पावसाळ्यात वरचेवर बंद असतो, वेल्ह्याकडचे ओढे एका रात्रीत फुगतात. फुल पॉलिसीत पूर, वादळ, गारपीट, वीज, भूकंप, दरड हे सगळं येतं. नुसत्या थर्ड पार्टीत यातलं काही येत नाही. एक लक्षात ठेवा, पाणी शिरलेल्या गाडीला चुकूनही चावी मारू नका. बंद गाडीत पाणी गेलं तर भरपाई मिळते, पण नंतर चालू करायला जाऊन इंजिन बसलं, तर त्यासाठी वेगळं इंजिन संरक्षण घेतलेलं असावं लागतं. फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा, गाडी ओढून न्या. सर्व्हेअर येण्याआधी दुरुस्तीला हात लावू नका. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात. पूर्ण हवे असतील तर 'झिरो डेप' नावाची जोड घ्यावी लागते.

कंपनी हात वर कधी करते?

घरची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने दिली किंवा वडाप म्हणून चालवली, तर. विक्रीला न्यायची तांदळाची पोती भरली, तरीही. दारू पिऊन चालवली, लायसन्स नसताना चालवली, तर. जुनी गाडी घेतली आणि 14 दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायचा अर्ज दिला नाही, तरी गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

आणि दहावीतला चिरंजीव आईची स्कूटर घेऊन क्लासला गेला, तर? 2019 च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक आणि मालक दोषी धरले जातात. 25 हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. वर कोणी जखमी झालं, तर आधी कंपनीने द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं, असे आदेश न्यायालयं देत आली आहेत. स्कूटर तुमच्या नावावर असेल, तर वसुली तुमच्याकडूनच. लेकाला बसने जाऊ द्या.

घरधनी गेल्यावर गाडीचं काय?

आपल्याकडे माणूस गेला की वर्ष होईपर्यंत कागदांना हात लावत नाहीत. पण विमा तेवढा थांबत नाही. मालकाच्या मृत्यूनंतर पॉलिसी जास्तीत जास्त तीन महिने चालते, त्याआधी मुदत संपली तर तेवढीच. या तीन महिन्यांत मृत्यूचा दाखला, आरसी आणि मूळ पॉलिसी घेऊन गाडी व विमा वारसाच्या नावावर करायला अर्ज द्या. त्यांनी साठवलेला नो क्लेम बोनसही पत्नीला मिळू शकतो. तो मागून घ्यावा लागतो.

दाद कुठे मागायची?

आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी. तिथे नकार मिळाला किंवा महिनाभरात उत्तर आलं नाही, तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे. फी नाही, वकील लागत नाही आणि 50 लाखांपर्यंतची तक्रार ऐकतात. नकाराच्या पत्रापासून वर्षाच्या आत जायला हवं. विमा नियामकाचा 155255 हा फोनही लावता येतो. म्हणून नकार नेहमी लेखी घ्या. तोंडी 'नाही होत मॅडम'ला काही अर्थ नाही.

या रविवारी कपाटातली पॉलिसी बाहेर काढा. एजंटने नुसता फोटो पाठवला असेल, तर गाडीच्या नंबरवरून एमपरिवहन ॲपवर विमा खरंच दिसतो का ते तपासा. मग चार गोष्टी पाहा. नाव कोणाचं, दोन्ही तारखा कोणत्या, आयडीव्ही किती, आणि अपघात संरक्षण कोणाच्या जिवाचं. चहा गार होईपर्यंत वाचून होतं. समजलं नाही तर एजंटला घरी बोलवा आणि समोर बसवून विचारा. हप्ता आपण भरतो, विचारायचा हक्क आपलाच आहे.