कृष्णकमळाची वेल आणि शास्त्राची कसोटी

महाराष्ट्रात अनेक घरांच्या कुंपणावर आणि शाळांच्या बागांत कृष्णकमळाची वेल चढलेली दिसते. जांभळ्या तंतूंचे दाट वर्तुळ, त्याच्या आत पाच पुंकेसर आणि अगदी मध्यभागी तीन फाटे असलेले हे फूल हाती घेऊन घरातील वडीलधारी माणसे मुलांना सांगतात, "हे शंभर कौरव, हे पाच पांडव आणि हे ब्रह्मा, विष्णू, महेश." याच वेलीच्या कुळातील एका जातीचा चहा, अर्क आणि गोळ्या 'पॅशनफ्लॉवर' या नावाने आज जगाच्या बाजारात विकल्या जातात. मनाची अस्वस्थता कमी करणारे आणि झोप आणणारे औषध अशी तिची ख्याती आहे. तेव्हा कुंपणावरच्या वेलीची पाने उकळून प्यावीत, असा विचार कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे.

गावात असा प्रश्न निघाला की तो बहुधा शिक्षकांकडे, ग्रामसेवकांकडे किंवा पंचायतीच्या सदस्यांकडे येतो. त्याचे उत्तर केवळ कुतूहलापुरते नसते. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करून कोणी काढ्यावर विसंबला, तर चुकीच्या उत्तराची किंमत त्या रुग्णाला मोजावी लागते. म्हणूनच एखादी वनस्पती औषधी आहे असे शास्त्र केव्हा म्हणते आणि केव्हा म्हणत नाही, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कृष्णकमळाच्या उदाहरणावरून ते चांगले स्पष्ट होते.

एक फूल, दोन कथा

कृष्णकमळाचे कूळ मूळचे भारतातील नाही. 'पॅसिफ्लोरा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कुळात पाचशेहून अधिक जाती असून त्यांतील बहुसंख्य अमेरिका खंडाच्या उष्ण भागांतील आहेत. स्पॅनिश धर्मप्रसारकांनी दक्षिण अमेरिकेत हे फूल पाहिले, तेव्हा त्यांना तंतूंच्या वर्तुळात ख्रिस्ताचा काटेरी मुकुट, पाच पुंकेसरांत पाच जखमा आणि मधल्या तीन फाट्यांत क्रुसाचे तीन खिळे दिसले. 'पॅशन' हा शब्द येथे ख्रिस्ताने भोगलेल्या यातनांचा वाचक आहे. एकाच फुलात दोन दूरच्या समाजांनी आपापली पुराणकथा वाचली, ही गोष्ट मोठी वेधक आहे. परंतु फुलाच्या आकारावरून सुचलेली कथा त्याच्या गुणधर्मांविषयी काही सांगत नाही.

औषध म्हणून ज्या जातीचा अभ्यास झाला, तिचे शास्त्रीय नाव 'पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा' असे आहे. ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागात रानोमाळ वाढते. एकोणिसाव्या शतकात तेथील काही डॉक्टर निद्रानाशावर तिचा उपयोग करू लागले आणि पुढे ती युरोपातील औषधसूचीत गेली. आजही युरोपीय औषध संस्था तिला 'पारंपरिक वनौषधी' या वर्गात ठेवते. दीर्घकाळच्या वापराचा आधार या वर्गाला पुरेसा मानला जातो. औषधाचा गुण चाचण्यांनी सिद्ध झाला आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

पहिला प्रश्न : वनस्पती कोणती?

'कृष्णकमळ' हे एकच नाव आपल्याकडे अनेक जातींना आणि बागेसाठी तयार केलेल्या संकरित वेलींनाही दिले जाते. ज्या जातीच्या फळांचे सरबत करतात ती 'पॅसिफ्लोरा एड्युलिस' याच कुळातील आहे. या जातींचे गुण सारखे असतील असे गृहीत धरता येत नाही.

चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातील संशोधकांनी २००१ साली या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांनी दोन्ही जातींचे अर्क उंदरांवर तपासले. इन्कार्नाटा जातीच्या अर्काने उंदरांची भीती कमी झाल्याचे दिसले. एड्युलिस जातीच्या अर्काने त्यांच्या प्रयोगात तसा परिणाम जवळजवळ दिसला नाही. इन्कार्नाटा वेलीच्या जमिनीवरील भागांत जो गुण आढळला, तो मुळांत फारसा नव्हता. म्हणजे मुळांसकट वेल उपटून केलेले औषध आणि केवळ पाला घेऊन केलेले औषध यांतही अंतर पडते. एवढेच नव्हे, तर या कुळातील काही जातींच्या पानांत सायनाइड हे विष निर्माण करू शकणारी द्रव्ये असतात. कुंपणावरची वेल नेमकी कोणत्या जातीची आहे हे ठाऊक नसताना तिचा काढा पिणे शहाणपणाचे नाही.

ओळखीतील चूक किती भोवते, याचे दुःखद उदाहरण बेल्जियममध्ये घडले. ब्रुसेल्स येथे १९९०-९२ च्या सुमारास वजन कमी करण्यासाठी काही स्त्रियांना चिनी वनौषधींच्या गोळ्या देण्यात आल्या. चिनी भाषेतील नावांच्या साधर्म्यामुळे गोळ्यांत एका वनस्पतीच्या जागी 'ॲरिस्टोलोकिया' कुळातील दुसरीच वनस्पती पडली. शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे त्यामुळे निकामी झाली किंवा बिघडली आणि त्यांपैकी अनेकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपल्याकडील 'ईश्वरी' ही वेल याच कुळातील असून तिच्यातही ते घातक आम्ल असते.

दुसरा प्रश्न : गुण कशाशी ताडून पाहिला?

मेंदूतील पेशींची उत्तेजना आवरणारे 'गॅबा' नावाचे एक रसायन आहे. झोपेच्या आणि चिंतेवरील अनेक प्रचलित गोळ्या या रसायनाचे कार्य वाढवितात. पॅसिफ्लोरा इन्कार्नाटामधील द्रव्येही याच मार्गाने काम करीत असावीत, असे प्रयोगशाळेतील निरीक्षणे सुचवितात. परंतु परीक्षानळीत आणि उंदरांत दिसलेला गुण माणसात दिसेलच असे नसते. त्यासाठी माणसांवरच काटेकोर चाचणी घ्यावी लागते.

अशी चाचणी कशी असते, हे तेहरान येथील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगावरून कळते. दीर्घकाळ चिंताविकाराने त्रस्त असलेले ३६ रुग्ण घेऊन त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करण्यात आले. एका गटाला पॅसिफ्लोराच्या अर्काचे रोज ४५ थेंब आणि सोबत औषध नसलेली गोळी मिळाली. दुसऱ्या गटाला ऑक्साझेपाम या प्रचलित औषधाची रोज ३० मिलिग्रॅम मात्रा आणि सोबत औषध नसलेले थेंब मिळाले. आपल्याला खरे औषध कोणते मिळते हे रुग्णाला माहीत नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हते. औषध घेतल्याच्या समाधानानेही माणसाला बरे वाटते, आणि डॉक्टरांची अपेक्षाही निरीक्षणात उतरते. हे दोन्ही दोष टाळण्यासाठी ही व्यवस्था असते.

चार आठवड्यांच्या अखेरीस दोन्ही गटांना जवळजवळ सारखाच आराम पडला होता. ऑक्साझेपामचा गुण लवकर आला. मात्र ते घेणाऱ्यांना दैनंदिन कामात अधिक अडचण जाणवली. निष्कर्ष आशादायक खरा, पण रुग्ण होते अवघे ३६. पुढे २००७ साली जगभरच्या चाचण्यांचा साक्षेपी आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने चिंताविकारावरील पॅसिफ्लोराच्या चाचण्या तपासल्या. कसोटीला उतरणाऱ्या चाचण्या दोनच निघाल्या आणि त्यांतील एकूण व्यक्ती १९८ होत्या. एवढ्यावरून कोणताही निश्चित निष्कर्ष काढता येत नाही, असे आढाव्यात नमूद करण्यात आले.

निद्रेविषयी ऑस्ट्रेलियात झालेला आणि २०११ साली प्रसिद्ध झालेला प्रयोगही असाच बोलका आहे. ४१ निरोगी तरुण व्यक्तींनी एक आठवडा पॅसिफ्लोराचा चहा आणि एक आठवडा दुसरा, औषधी गुण नसलेला चहा घेतला. पॅसिफ्लोराच्या आठवड्यात झोप अधिक चांगली लागल्याचे त्यांच्या रोजनिशीतील नोंदींवरून दिसले. मात्र ज्या थोड्यांची झोप रात्रभर यंत्राने मोजली, त्यांच्या मोजमापात तसा फरक आढळला नाही. तात्पर्य, पॅसिफ्लोराचा सौम्य उपयोग होत असण्याचा संभव आहे. परंतु चिंताविकार किंवा जुना निद्रानाश यांवरील उपचार म्हणून ती अद्याप सिद्ध झालेली नाही.

सर्पगंधेचा दाखला

याचा अर्थ वनौषधी शास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीत असा मुळीच नाही. ही वाट शेवटपर्यंत चालून गेलेल्या एका वनस्पतीचा इतिहास थेट मुंबईशी निगडित आहे. सर्पगंधेचे मूळ आपल्या देशात मानसिक विकारांवर आणि निद्रानाशावर पिढ्यान्‌पिढ्या वापरले जात होते. १९३१ साली दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी या मुळातील काही क्षारद्रव्ये वेगळी केली. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि उच्च रक्तदाब यांवर या मुळाचा गुण येतो, असे वैद्यकीय नियतकालिकातून मांडले.

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील आपल्या निरीक्षणांचा लेख १९४९ साली इंग्लंडमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि साऱ्या जगाचे लक्ष या मुळाकडे वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्यातील 'रिसर्पिन' हे प्रभावी द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळाले. रक्तदाबावर खात्रीचे औषध जवळजवळ नव्हते, अशा काळात लाभलेली ही देणगी होती. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेतील मानाचे लास्कर पारितोषिक देण्यात आले.

या कथेचा उत्तरार्धही तितकाच महत्त्वाचा आहे. औषधाची मात्रा मोजता येऊ लागली तसे त्याचे दुष्परिणामही मोजता आले. काही रुग्णांत, विशेषतः मोठ्या मात्रेत, तीव्र खिन्नता दिसून आली. नाक चोंदणे, पोटातील आम्ल वाढणे हे त्रासही आढळले. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली आणि रिसर्पिनचा वापर मागे पडला. दुसरीकडे, मुळांना मागणी वाढल्याने रानातील सर्पगंधा ओरबाडली गेली. दुर्मीळ होऊ शकणाऱ्या वन्य जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आज तिचा समावेश आहे.

तिसरा प्रश्न : अपाय आणि परस्परविरोध

'झाडपाल्याचे औषध, गुण आला नाही तरी अपाय नाही' हा समज सर्वत्र रूढ आहे. सर्पगंधेचा इतिहास तो खोटा ठरवितो. पॅसिफ्लोराबाबतही २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीत, ती घेतल्यानंतर एका ३४ वर्षांच्या स्त्रीला उलट्या, गुंगी आणि हृदयाच्या ठोक्यांतील बिघाड यांमुळे रुग्णालयात ठेवावे लागल्याचे म्हटले आहे. असे प्रसंग विरळ आहेत. परंतु झोपेची गोळी किंवा मद्य यांच्या जोडीला ती घेतल्यास गुंगी वाढू शकते, आणि गरोदरपणी ती टाळणेच योग्य होय.

एका वनौषधीमुळे दुसऱ्या औषधाचा गुण मारला जाण्याचा धोकाही असतो. खिन्नतेवर युरोपात वापरली जाणारी 'सेंट जॉन्स वर्ट' ही वनस्पती यकृताची औषधे निकामी करण्याची क्रिया वाढविते. हृदयारोपण झालेल्या दोन रुग्णांत तिच्या सेवनाने संरक्षक औषधाचे रक्तातील प्रमाण घटले आणि शरीर नवे हृदय नाकारू लागले, असे स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी २००० साली नोंदविले.

गावपातळीवर काय करता येईल?

या माहितीचा उपयोग गावातही करता येण्यासारखा आहे. पहिली गोष्ट, रुग्णाने जो काही काढा, चूर्ण किंवा अर्क घेतला असेल तो प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना किंवा वैद्यांना न लाजता सांगावा. रुग्ण सांगत नाही, त्यामागे बहुतेक वेळा बोलणी बसण्याची भीती असते. ती दूर करणे हे आरोग्य सेवकांचे आणि आशा कार्यकर्त्यांचे काम आहे. दुसरी गोष्ट, रक्तदाब, मधुमेह, अपस्मार, चिंताविकार यांवरील चालू औषधे कोणाच्या सल्ल्याने परस्पर बंद करू नयेत. झोपेचा अर्क बदलून पाहता येईल. अपस्माराच्या चुकलेल्या गोळ्यांची भरपाई होत नाही. वनौषधीने अपाय झाल्याचा संशय आल्यास तो नोंदविण्यासाठी देशात आयुष औषधांची स्वतंत्र नोंद केंद्रे आहेत; तेथपर्यंत ही माहिती डॉक्टरांमार्फत पोहोचविता येते.

शिक्षकांना शाळेच्या बागेतून वनस्पतीचे स्थानिक नाव, शास्त्रीय नाव आणि ओळखण्याची खूण या तिन्ही गोष्टी मुलांना एकत्र शिकविता येतील. २००२ च्या जैवविविधता अधिनियमान्वये स्थापन झालेल्या ग्रामपातळीवरील समित्यांकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. गावातील जाणत्या माणसांना ठाऊक असलेल्या वनस्पती, त्यांचा वापरला जाणारा भाग आणि वापराची रीत त्या वहीत नेमकेपणाने नोंदविली गेली, तर परंपरेचे ज्ञान जपले जाईल आणि संशोधकालाही पुढचे पाऊल टाकता येईल. सर्पगंधेच्या मुळापाशी संशोधक पोहोचले, ते ती परंपरा कोणीतरी जपून ठेवली होती म्हणूनच.

कृष्णकमळाच्या फुलातील कौरव-पांडवांची गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. मात्र त्याच वेलीचे पान काढ्याच्या भांड्यात पडण्यापूर्वी ते नेमके कोणत्या वेलीचे आहे, त्याचा गुण कोणी व कसा तपासला आहे आणि चालू औषधाशी त्याचे जमते काय, हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत.