पाणी कुठवर आलंय?

फोन उचलला की तो आधी एवढंच विचारतो, "पाणी कुठवर आलंय?" पायरीला, गुडघ्याला, गाडीच्या सीटला, जे उत्तर येईल ते जसंच्या तसं वहीत उतरवतो. मग पत्ता, मग घरात म्हातारं माणूस आहे का ते.

पूर नियंत्रण कक्षातल्या या माणसाकडे मी गेलो तो अंबडमधली एक दुपार डोक्यातून जाईना म्हणून. सकाळपासून मोबाईलवर नाशिक जिल्ह्यासाठी ऑरेंज अलर्ट होता आणि औद्योगिक वसाहतीत लख्ख ऊन. पहिली पाळी सुटायला आणि आभाळ फुटायला एकच गाठ पडली. डबे, दप्तरं डोक्यावर धरून माणसं पाण्यातून वाट काढत होती. इशारा खरा ठरला, पण त्यांच्यातल्या कुणाच्या कामी आला नाही.

हवामान खात्याचं काम तसं ठरलेलं असतं. उपग्रहाची चित्रं, संगणकाची गणितं, रडार, मग जिल्हावार रंग: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरच्या पुढे गेला की पाऊस 'जोरदार', 115.5 च्या पुढे 'अतिजोरदार'. कुलाब्याचं रडार नाशिकपासून दीडशेहून अधिक किलोमीटरवर आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे इथे पोहोचेतो त्याचे किरण जमिनीपासून फार वर गेलेले असतात. ढगाचा माथा दिसतो, पण त्याच्या पायथ्याशी काय चाललंय ते नीट कळत नाही. दुपारचा वळीव तर तास-दोन तासांत बांधला जातो आणि कोसळतो. त्यासाठी पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज निघतो. पण तो येतो तेव्हा कामगार यंत्रावर असतो आणि फोन लॉकरमध्ये.

वही मिटून तो म्हणाला, "एक मिलिमीटर म्हणजे चौरस किलोमीटरवर दहा लाख लिटर." मी कागदावर मांडून पाहिलं, हिशोब चोख होता. 64.5 मिलिमीटरचे झाले जवळपास साडेसहा कोटी लिटर, तेही एकाच चौरस किलोमीटरवर. अंबड-सातपूरला पत्र्याची छपरं, काँक्रीटचे रस्ते, डांबरी आवारं. पाणी मुरायला माती उरली आहेच किती? ते दहा-दहा लाख लिटर गटारांतून थेट नासर्डी नदीकडे धावतात.

गोदावरीचं तसं नाही. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडणार ते आधी जाहीर होतं, रामकुंडावरचे विक्रेते टपऱ्या हलवतात. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की पुढे काय होणार, हे पंचवटीतल्या पोरालाही सांगावं लागत नाही. सप्टेंबर 2008 च्या महापुरानंतर पूररेषांचा विषय घरोघरी पोहोचला. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. गोदेच्या पाण्याला माणसांच्या ओळखीची खूण आहे. नासर्डीच्या काठाला असा सगळ्यांच्या ओळखीचा मारुती नाही, आणि ही नदी निरोप न धाडता चढते.

मी बसलो होतो तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. पलीकडे कुणी बाई बोलत असाव्यात. "ताई, आधी मेन स्विच बंद करा. मग वरच्या मजल्यावर जा. सामान राहू द्या." तो आवाज न चढवता हेच दोनदा म्हणाला. मला सगळ्या यंत्रणेत तेच वाक्य सर्वांत मोलाचं वाटलं, कारण जिल्ह्याच्या इशाऱ्यातून एका घराने काय करायचं ते त्यात होतं.

असं वाक्य पाणी घरात शिरण्याआधी पोहोचायला हवं. त्यासाठी नवं रडार येईपर्यंत थांबायची गरज नाही. उंटवाडीसारख्या पुलांच्या खांबांवर ठळक पट्टे रंगवा. तीन तासांचा अंदाज कारखान्याच्या गेटवरच्या वॉचमनला फोन करून सांगा आणि पाळी अर्धा तास आधी किंवा उशिरा सोडायचा अधिकार सुपरवायझरला द्या. दहा लाखांचा तो हिशोब गेटवरच्या फळ्यावरही लिहा. पाऊस किती पडेल हे खातं सांगतंच, पण अंबडच्या कामगाराला आज कुठल्या रस्त्याने घरी जाऊ नये ते कळलं पाहिजे.