जपानच्या भाषाशाळेत जायचे, तर आधी हिशेब मांडा

‘जपानमध्ये शिका आणि शिकता शिकता कमवा’ अशा अर्थाच्या जाहिराती हल्ली मोबाईलवर येऊन धडकतात. बारावी झालेला किंवा पदवी घेऊन दोन वर्षे कंत्राटी कामावर राबणारा मुलगा ती जाहिरात आईला दाखवतो, आई वडिलांना सांगते आणि घरात जपानचा विषय सुरू होतो. विषय सुरू व्हावा, यात वाईट काही नाही. आपली मुले-मुली दूरदेशी शिकायला जावीत असे आम्हालाही वाटते. पण महापालिकेत, रेल्वेत, एस.टी.त किंवा बांधकामावर घाम गाळून जमवलेला पैसा ज्या कामाला लावायचा, त्याची पूर्ण माहिती आधी घरी यावी. म्हणून हा लेख.

जपानमधील भाषाशाळा म्हणजे कॉलेज नव्हे. परदेशी विद्यार्थ्यांना जपानी भाषा शिकवणारी ती शाळा. तिथे जास्तीत जास्त दोन वर्षे शिकता येते. प्रवेश एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी असे चार वेळा होतात. एप्रिलला गेलेल्याला साधारण दोन वर्षे मिळतात, ऑक्टोबरला गेलेल्याला दीड. शेवटी हाती येतो तो शाळेचा दाखला आणि डोक्यात शिरलेली भाषा. पदवी मिळत नाही, आणि त्या दाखल्यावर नोकरीचा व्हिसाही मिळत नाही.

इथेच बहुतेक घरांची गल्लत होते. जपानमध्ये कार्यालयात किंवा तांत्रिक कामावर नोकरी करायची, तर त्या व्हिसासाठी सर्वसाधारणपणे पदवी लागते, किंवा तिथल्या व्यवसाय-शिक्षणाच्या कॉलेजची पदविका लागते. त्या कॉलेजला ‘सेन्मोन गाक्को’ म्हणतात. म्हणजे इथून बी.ए., बी.कॉम. किंवा इंजिनिअर होऊन गेलेल्या मुलाने भाषा चांगली आत्मसात केली, तर तो नोकरी शोधू शकतो. बारावीवर गेलेल्याला मात्र भाषाशाळेनंतर आणखी दोन वर्षे सेन्मोन किंवा चार वर्षे विद्यापीठ करावे लागते, आणि त्याची फी वेगळी. घरात प्रश्न विचारायचा तो असा : दोन वर्षांनंतर काय? याचे उत्तर मुलाला देता येत नसेल, तर पासपोर्टचा अर्ज करा, हरकत नाही. पण पैसे कुणाला देऊ नका.

ज्याला शिकण्यापेक्षा कामच करायचे आहे, त्याच्यासाठी रस्ता वेगळा आहे. जपानने २०१९ च्या एप्रिलपासून ‘विशिष्ट कौशल्य कामगार’ असा व्हिसा सुरू केला, आणि भारताबरोबर त्याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम, हॉटेल अशा क्षेत्रांत कौशल्याची आणि भाषेची परीक्षा पास होऊन थेट कामावर जाता येते. नर्सिंग केलेल्या किंवा रुग्णसेवेची सवय असलेल्या आपल्या मुलींनी भाषाशाळेची लाखोंची फी भरण्याआधी या रस्त्याची चौकशी जरूर करावी.

शिष्यवृत्तीबद्दल अनेक जण आशेने विचारतात, म्हणून स्पष्ट लिहितो. केंद्र सरकारची अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्र शासनाची अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, या दोन्ही पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या शिक्षणासाठी आहेत. भाषाशाळेला त्या लागू होत नाहीत. बँकांची शैक्षणिक कर्जेही मुख्यतः पदवी-पदविकेचा विचार करून दिली जातात. भाषाशाळेसाठी कर्ज मिळेलच असे धरून चालू नये. पण हुशार मुलांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जपान सरकारची स्वतःची शिष्यवृत्ती आहे, तिचे अर्ज जपानच्या वकिलातीमार्फत मागवले जातात. त्यात पदवी आणि संशोधन अशा दोन्ही स्तरांवर फी माफ होते, महिन्याला खर्चाला पैसे मिळतात आणि गरज असेल त्याला भाषाही शिकवली जाते. स्पर्धा मोठी आहे, पण अर्जाला पैसे पडत नाहीत. बारावीला विज्ञानात उत्तम गुण मिळवणाऱ्या मुलाने भाषाशाळेच्या आधी हा दरवाजा ठोठावला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता हिशेब. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

भाषाशाळेची वर्षाची फी साधारण सात ते नऊ लाख येन असते. २०२४-२५ च्या सुमारास एका येनला आपले ५५ ते ६० पैसे पडत होते; भाव रोज हलतो, म्हणून त्या दिवशीचा विचारून घ्यावा. आठ लाख येन फी धरली तरी साडेचार लाख रुपयांच्या घरात जाते. अर्ज तपासण्याची फी वीस-तीस हजार येन वेगळी, ती परत मिळत नाही. राहणे-खाणे-प्रवास-फोन मिळून विद्यार्थ्याला महिन्याला लाखभर येन लागतात, टोकियोत त्याहून अधिक. पहिले तीन महिने मुलाला काम मिळणार नाही असे धरा, कारण भाषा येत नसेल तर काम कोण देणार? म्हणजे फी आणि तीन महिन्यांचा खर्च मिळून अकरा लाख येन झाले. वसतिगृहाची अनामत, अंथरूण-पांघरूण, किरकोळ खर्च धरून बारा. रुपयांत सात लाखांच्या आसपास, आणि विमानाचे तिकीट त्यात नाही.

‘मग पोरगा तिकडे कमवेल की’, हे वाक्य इथे हमखास येते. कमवेल, पण किती? विद्यार्थ्याला परवानगी घेऊन आठवड्याला फक्त २८ तास काम करता येते. दोन ठिकाणी काम केले तरी दोन्ही मिळून २८. शाळेच्या मोठ्या सुट्टीत दिवसाला आठ तासांपर्यंत चालते. टोकियोत किमान वेतन ऑक्टोबर २०२४ पासून तासाला ११६३ येन झाले. त्याच वर्षी अकिता प्रांतात ते ९५१ होते. टोकियोचा दर घेतला तर आठवड्याचे ३२,५६४ आणि चार आठवड्यांचे १,३०,२५६ येन. त्यातून लाख येन जगायला गेले. उरले तीस हजार. वर्षभर एकही दिवस आजारी न पडता काम केले तरी साडेतीन लाख येन जमतील, आणि दुसऱ्या वर्षाची फी आहे सात-आठ लाख. म्हणजे मुलगा आपले पोट भरील, पण फी निम्मीही भरू शकणार नाही. ज्या घराने दागिने मोडून किंवा सावकाराकडून व्याजाने पैसे काढून पहिले वर्ष भरले, त्या घरावर दुसऱ्या वर्षी काय वेळ येते, हे समजायला गणित यायला नको.

मग मुले काय करतात? चोरून जास्त तास काम करतात. रात्रभर डबे भरण्याच्या कारखान्यात उभे राहायचे आणि सकाळी वर्गात डोळे मिटायचे. हजेरी घसरली की शाळा कळवते, आणि व्हिसाची मुदत वाढवताना हजेरी आणि कमाई दोन्ही तपासली जातात. मुदत वाढली नाही तर परत या. कर्ज मात्र इथे उभेच. म्हणून आमचे सांगणे आहे की दोन्ही वर्षांच्या फीची सोय घरातून दिसत असेल तरच पाऊल टाकावे. नाहीतर मुलाने इथे राहून भाषेच्या दोन परीक्षा आधी पास कराव्यात आणि मग कमी मुदतीसाठी जावे. एक वर्ष उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही.

कागदपत्रांचे काम असे चालते. व्हिसाच्या आधी ‘पात्रता प्रमाणपत्र’ लागते, त्याला सी.ओ.ई. म्हणतात. त्यासाठी जपानच्या आप्रवासन खात्याकडे आपल्या वतीने अर्ज करते ती शाळा. हा मुद्दा नीट ध्यानात घ्या, कारण ‘माझी तिकडे ओळख आहे, मी काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या हातात हे प्रमाणपत्र नसते. एप्रिलच्या प्रवेशासाठी शाळेचे अर्ज आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास संपतात आणि निकाल फेब्रुवारीअखेर लागतो. सर्वसाधारण रीत अशी की वर्षाची फी निकाल लागल्यानंतर, शाळेच्या खात्यावर भरायची असते. निकालाआधीच पूर्ण फी मागणारा, तीही आपल्या स्वतःच्या खात्यावर, भेटला तर त्याच्या दारातून परत फिरा. शाळेची निवडही डोळस हवी. जपानने २०२३ साली भाषाशाळांसाठी नवा कायदा केला, तो १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला; शिक्षण मंत्रालय शाळांना नव्याने मान्यता देते आणि जुन्या शाळांना त्यासाठी काही वर्षांची मुदत आहे. आपल्या शाळेला ती मान्यता मिळाली का, हे शाळेलाच पत्र लिहून विचारावे.

खर्च कोण करणार, याचे कागद बारकाईने पाहिले जातात. वडिलांच्या नोकरीचा दाखला, मागील तीन वर्षांचे उत्पन्न, बँकेतील शिल्लक आणि ती कशी जमली त्याची नोंद. काही ठिकाणी एजंट महिनाभरासाठी खात्यात उसने पैसे भरून दाखवतात. पगार वीस हजार आणि खात्यात अचानक पंधरा लाख, हे कुणालाही दिसते. अर्ज नाकारला गेला तर पुढच्या अर्जालाही ते नडते.

आणखी एक अडचण आपल्या घरांत विशेष येते. आडनाव बदललेली कुटुंबे आपल्यात पुष्कळ. वडिलांचे सेवापुस्तक जुन्या आडनावाने, मुलाचा शाळेचा दाखला नव्या, आईचे नाव रेशनकार्डावर वेगळे. इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक कागदावर निराळे! राजपत्रातील नावबदलाची प्रत शोधून ठेवा, पासपोर्टवरील नाव दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळवून घ्या, आणि हे काम अर्जाच्या किमान सहा महिने आधी उरका. दहावी-बारावी-पदवीची मूळ प्रमाणपत्रे गहाळ असतील तर दुसरी प्रत काढायला लागणारा वेळ तुम्ही जाणताच.

भाषेची तयारी इथेच सुरू व्हायला हवी. बहुतेक शाळा एन-५ ही सर्वांत खालची परीक्षा किंवा दीडशे तास शिकल्याचा दाखला मागतात. ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते; पुणे-मुंबईत तिची केंद्रे आहेत. पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, म्हणजे रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, जपानी शिकवली जाते. या परीक्षेत बोलण्याचा भाग नसतो, शाळेच्या मुलाखतीत मात्र बोलावे लागते. म्हणून घरात मोठ्याने वाचण्याची सवय लावा.

मराठी मुलाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. क्रियापद शेवटी येते, आणि आपण ‘घरात’, ‘आईला’ म्हणतो तसे तिथेही प्रत्यय शब्दाच्या मागे लागतात. इंग्रजीतून शिकण्यापेक्षा मराठीतून विचार केला तर वाक्य लवकर जमते. ‘चूल’ मधला ‘चू’ जसाच्या तसा त्यांच्याकडे आहे. हिंदी बोलणाऱ्याला तो शिकावा लागतो, आपल्याला आयता मिळतो. त्यांच्या अक्षरमालेचा क्रम पाहा : अ, इ, उ, ए, ओ आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम ओळखीचा वाटतो, कारण तो आपल्याकडच्याच वर्णमालेच्या अभ्यासातून घडला. नवव्या शतकात कूकाई या भिक्खूने चीनमधून सिद्धम् लिपीचे ग्रंथ जपानला नेले, आणि भिक्खूंच्या या अभ्यासाची छाप त्यांच्या अक्षरांच्या मांडणीवर राहिली. हिरागाना आणि कताकाना या दोन्ही लिप्यांची मूळ ४६-४६ अक्षरे विमानात बसण्याआधी पाठ हवीत. चित्राक्षरे, म्हणजे कांजी, तिकडे जाऊन आयुष्यभर पुरतील.

बॅग भरताना आईचा जीव सगळे देऊ पाहतो. पण मांसाचा कोणताही पदार्थ, सुकट मटण असो की डबाबंद, जपानमध्ये नेता येत नाही. ताजी फळे-भाज्या, कच्चे तांदूळ-डाळ तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय नकोत. दळलेला मसाला, तिखट, हळद चालते. तिथे वीज १०० व्होल्टची आणि प्लग दोन चपट्या पिनांचा, तेव्हा इथला मिक्सर नेऊ नका. छोटा कुकर आणि खलबत्ता न्या. डॉक्टरने दिलेली औषधे महिन्याभरापुरतीच, चिठ्ठीसह. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांतील कोडीन, स्यूडोएफेड्रिन यांवर तिथे कडक निर्बंध आहेत, म्हणून दुकानातून पुड्या घेऊन पिशवीत कोंबू नयेत.

मुलीला पाठवताना पालक कचरतात, ते स्वाभाविक आहे. शाळेच्या वसतिगृहात मुलींचा मजला वेगळा आहे का, स्टेशनपासून चालत किती अंतर, रात्री दार कोण उघडते, हे शाळेला विचारायला लाजू नका. बार, पाचिंको किंवा तत्सम ठिकाणी काम विद्यार्थ्याला, मुलगा असो की मुलगी, कायद्यानेच मना आहे. तिथे झाडू मारायचे कामदेखील चालत नाही.

तिथे उतरल्यावर टोकियो, ओसाकासारख्या मोठ्या विमानतळांवर रहिवासी कार्ड हातात मिळते आणि कामाच्या परवानगीचा अर्ज तिथेच देता येतो. कार्ड कायम खिशात हवे. राहायचे ठिकाण नक्की झाले की चौदा दिवसांत वॉर्ड कार्यालयात पत्ता नोंदवायचा आणि त्याच खेपेला सरकारी आरोग्य विम्यात नाव घालायचे. मग दवाखान्याचा तीस टक्केच खर्च आपल्याला पडतो. उत्पन्न नाही असे लिहून दिले तर हप्ताही कमी होतो. वीस वर्षे पूर्ण झालेल्याला पेन्शनचे पत्र येते, ते फाडून टाकू नये, सवलतीचा अर्ज करावा. रस्त्यावर बेवारस दिसलेली सायकल उचलणे तिथे गुन्हा आहे. आपले बँक खाते दुसऱ्याला वापरायला देणे किंवा परतताना विकणे हाही गुन्हाच.

कागदांचा एक संच घरी ठेवा : पासपोर्ट, रहिवासी कार्ड, विमा, शाळेचा फोन. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. आपण रात्री साडेआठला जेवण आटोपून फोन करतो, तेव्हा तिकडे मध्यरात्र झालेली असते. फोन संध्याकाळी सहाच्या आत करावा.