प्रजासत्ताक दिन, मराठवाडा आणि आपली कृतज्ञता

२६ जानेवारीला नांदेड-लातूरच्या आपल्या वस्त्यांमध्ये घरे भरलेली असतात. पुण्या-मुंबईला कामाला गेलेली मुले सुट्टी जोडून आलेली असतात. सकाळी शाळेत झेंडावंदन, विहारात वंदना, मग घरी गरम जिलेबी. अशा दिवशी एखादे लेकरू विचारते, "आजी, आज सुट्टी कशाची?" या प्रश्नाला "झेंड्याची" एवढेच उत्तर देऊन आपण मोकळे होतो. मराठवाड्यातील बौद्ध घरात याचे उत्तर त्याहून मोठे आहे.

आपल्याकडे स्वातंत्र्य एका दिवसात आले नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपले. पण राज्य बदलले तरी गावकुसाबाहेरचा माणूस गावकुसाबाहेरच होता. त्याच्या हातात कायदा आला तो २६ जानेवारी १९५० ला.

त्या कायद्याने काय दिले, हे कलमांच्या भाषेत मुलांना सांगता आले पाहिजे. कलम १४ ने कायद्यापुढे सर्वांना समान केले. कलम १५ ने दुकान, हॉटेल, विहीर, तळे, पाणवठा आणि रस्ता जातीच्या कारणावरून कोणाला बंद करता येणार नाही, असे सांगितले. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम १९ ने बोलण्याचे, शांततेने जमण्याचे आणि संघटना करण्याचे स्वातंत्र्य दिले. कलम ३२६ ने प्रौढ मतदानाचा हक्क दिला. पाटलाचे मत एक आणि आपल्या आजोबांचेही एकच.

आणि कलम २५. सद्सद्विवेकबुद्धीचे आणि धर्म मानण्याचे हे स्वातंत्र्य आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला, तेव्हा त्यांना कोणाची परवानगी मागावी लागली नाही. मात्र धर्म बदलला म्हणून अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या. केंद्राच्या पातळीवर त्या बौद्धांना मिळाल्या १९९० च्या कायदादुरुस्तीने. म्हणजे एक हक्क वापरल्याबद्दल दुसऱ्या हक्कासाठी ३४ वर्षे थांबावे लागले.

कागदावरचा हक्क गावात पोचायला किती वेळ लागतो, हे नांदेड जिल्ह्याइतके कोणाला ठाऊक असेल? २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे, सुगावचे जनार्दन मवाडे यांचे प्राण गेले. संविधान लागू होऊन तेव्हा २८ वर्षे झाली होती. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. १४ जानेवारी आणि २६ जानेवारी यांत बारा दिवसांचे अंतर आहे. घरात या दोन्ही तारखा एकत्रच सांगाव्यात, असे आम्हाला वाटते.

मग कृतज्ञता म्हणजे काय? अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी जगात दुर्मीळ अशी दोन माणसे सांगितली आहेत. एक, आधी स्वतःहून उपकार करणारा. दुसरा, केलेले जाणणारा आणि त्याची परतफेड करणारा. पालीत त्याला कतञ्ञू-कतवेदी म्हणतात. नुसते जाणणे अर्धे काम आहे. वागण्यातून ते दिसले तर ते पूर्ण होते.

बाबासाहेबांनी याला आणखी एक मर्यादा घातली. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतील भाषणात त्यांनी आयरिश नेते डॅनियल ओकॉनेल यांचा दाखला दिला. स्वाभिमान देऊन माणसाने कृतज्ञ होऊ नये आणि स्वातंत्र्य देऊन राष्ट्राने कृतज्ञ होऊ नये, हा त्याचा आशय. थोर माणसांचे ऋण मानावे, पण आपले स्वातंत्र्य त्यांच्या पायाशी ठेवू नये. म्हणून देशाचे आभार मानणे आणि अन्यायाला अन्याय म्हणणे यांत विरोध नाही. ज्या संविधानाचे आभार मानायचे, त्यानेच आपल्याला बोलायचा हक्क दिला आहे. तो न वापरता नुसता जयजयकार केला, तर कृतज्ञता अर्धीच राहते.

येत्या सुट्टीत युवक-युवतींनी घरात तीन गोष्टी कराव्यात. जेवणाआधी सर्वांनी मिळून संविधानाची उद्देशिका वाचावी आणि वाचायला घरातल्या सर्वांत लहान मुलाला सांगावे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला १९७८ सालची आठवण विचारावी आणि ती फोनमध्ये नोंदवून ठेवावी, कारण ही पिढी आता थोडीच उरली आहे. आणि घरात १८ वर्षे पूर्ण झालेल्या कोणाचे नाव मतदार यादीत नसेल, तर त्याच दिवशी अर्ज भरावा.

जिलेबी खाऊच. पण ती आपल्या ताटात कशी आली, हेही लेकरांना सांगू.

जय भीम, जय संविधान.