लक्षण आणि चिन्ह

इंग्रजीतील ‘साइन’ व ‘सिम्प्टम’ हे शब्द नित्याच्या बोलण्यात मिसळून जातात. वैद्यकात मात्र त्यांतील सीमारेषा काटेकोर आहे, हे श्रोत्यांतील डॉक्टर मंडळी जाणतातच. रुग्ण सांगतो ती मळमळ वा वेदना ‘सिम्प्टम’. डॉक्टरांना आढळते ती सूज ‘साइन’. आपण दोहोंना ‘लक्षण’ म्हणून मोकळे होतो. आपल्याकडे भेदच नव्हते असे नाही. माधवनिदानात ‘पूर्वरूप’ आणि ‘रूप’ वेगळे सांगितले आहेत. पण तो भेद काळाचा, साक्षीदाराचा नव्हे. ज्याची सूज दिसत नाही, त्याचे दुखणे खोटे ठरविणे फार सोपे असते. म्हणून ‘रुग्णकथित लक्षण’ आणि ‘परीक्षणात आढळलेले चिन्ह’ असे दोन स्वतंत्र प्रयोग मी सुचवितो. थोडे जड आहेत खरे.