गोयाचें खाडाखोडीचें चित्र व त्याचे तांब्याचे पत्रे

जुन्या पोथींत हरताळ लावून वर नवीं अक्षरें लिहिलेलीं असतात, तेव्हां खालचा पाठ कोणता व वरचा कोणाच्या हातचा हें ठरविल्यावांचून तिचा पुरावा घेतां येत नाहीं. चित्रासही हाच न्याय लागू आहे. स्पेनमधील फ्रान्सिस्को दे गोया (१७४६–१८२८) याचें उदाहरण पाहावें.

१८०८ सालीं नेपोलियनच्या फौजांनीं माद्रिद व्यापिलें व त्याचा भाऊ जोसेफ गादीवर बसला. गोया पूर्वीच्या राजाचा दरबारी चित्रकार. त्यानें नव्या राजाचीही शपथ घेतली. १८१० सालीं त्यानें नगरसभेसाठीं एक रूपकचित्र काढलें. त्यांत माद्रिदनगरीरूपी स्त्री एका लंबवर्तुळाकडे बोट दाखविते, व त्या वर्तुळांत जोसेफची मुद्रा होती. १८१२ सालीं फ्रेंच निघून जातांच तेथें ‘संविधान’ हा शब्द आला. फ्रेंच परततांच जोसेफ परतला. ते कायमचे गेल्यावर पुन्हा तोच शब्द, आणि १८१४ सालीं फर्डिनांड राजा. अखेर १८७२ सालीं पाल्मारोली नांवाच्या चित्रकारानें तेथें ‘दोन मे’ हीं अक्षरें घातलीं. जोसेफसाठीं काढलेलें चित्र आज फ्रेंचांविरुद्ध १८०८ च्या मे महिन्यांत झालेल्या उठावाचें स्मारक होऊन बसलें आहे!

म्हणून गोया फितूर होता काय, या वादांत हें चित्र साक्षीस घेणें व्यर्थ होय. त्यांत दिसतो तो त्या त्या वेळचा सत्ताधीश. खरी साक्ष तांब्याच्या पत्र्यांची. युद्ध, वध, पळापळ व १८११–१२ चा माद्रिदमधील दुष्काळ त्यानें त्यांवर तेजाबानें कोरला. तीन पत्र्यांवर १८१० हें साल आहे. तांबें इतकें दुर्मिळ होतें कीं, निसर्गदृश्यें कोरलेले आपलेच दोन मोठे पत्रे कापून त्यांच्या पाठीवर त्यानें चार चित्रें कोरलीं. फ्रेंच शिपायांच्या क्रौर्याबरोबर स्पॅनिश जमावाचें क्रौर्यही त्यानें लपविलें नाहीं. हीं चित्रें त्याच्या हयातींत प्रसिद्ध झालीं नाहींत.

आपला मित्र सेआन बेर्मूदेथ यास त्यानें ठशांचें एक बाड दिलें होतें. त्यांतील मथळे हस्तलिखित आहेत. तें आतां ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. माद्रिदच्या सान फेर्नान्दो अकादमीनें १८६३ सालीं ८० चित्रें छापलीं, तेव्हां मथळे या बाडावरून पत्र्यांवर कोरविले. बाडांतील शेवटचीं दोन युद्धचित्रें त्या आवृत्तींत नाहींत. संग्राहकांनीं आणखी एक पाहावें: पुष्कळ ठशांवर दोन आंकडे असतात, डाव्या बाजूचा वरचा आंकडा अखेरच्या अनुक्रमाचा, खालचा त्याहून जुना.