रूमवरची मुलगी आणि घरचा फोन

बारावीचा निकाल लागला की आमच्या हिंगोली जिल्ह्यात घरोघरी एकच बोलणे सुरू होते. पोरीला पुढे कुठे घालायचे? हिंगोली, वसमत, कळमनुरीत महाविद्यालये आहेत, पण फार्मसी, नर्सिंग, इंजिनिअरिंग म्हटले की बहुतेकांचे पाय नांदेडकडे वळतात. वाट तशी जुनी आहे. निजामाच्या राज्यात पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आले आणि आपल्याकडच्या मुलांचे शिक्षण निदान एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आले.

वसमतची मुलगी अप-डाउन करू शकते. सेनगावच्या किंवा औंढ्याच्या मुलीला ते झेपत नाही. तिला रूमच करावी लागते. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचे अर्धेच तिकीट लागते. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल आणि मागास गटांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी व परीक्षा फी शासनाने पूर्ण माफ केली. हे चांगलेच झाले. पण रूमचे भाडे, डिपॉझिट आणि मेस यांना माफी नाही, आणि घरात खरा हिशेब त्यावरच अडतो. म्हणून तीन-चार मुली मिळून एक खोली घेतात.

माझ्या शाळेतून गेलेल्या मुली सुटीत भेटायला येतात, तेव्हा कॉलेजपेक्षा रूमच्याच गोष्टी जास्त सांगतात. पाण्याचा ड्रम कोणी भरायचा, झाडू कोणाच्या पाळीचा, रात्री एकपर्यंत लाईट चालू ठेवणारीने बाकीच्यांनी झोपायचे कसे. एकीची सवय पंखा पाचवर ठेवायची, दुसरीला सर्दी. घरी ज्या मुलीने कधी ताट उचलले नाही, ती इथे तीन जणींची भांडी घासते आणि वर सांगते, ‘मॅडम, माझी पाळी होती ना!’ घरी अम्मीने हे ऐकले तर तिला खरे वाटणार नाही.

रूम पार्टनर कोण मिळेल हे आपल्या हातात नसते. कळमनुरीकडच्या एका मुलीच्या खोलीत लोहा तालुक्यातली एक मराठा मुलगी आणि मुखेडची एक बौद्ध मुलगी आहे. पहिला महिना तिघी जपून बोलत. मग घरून आलेले डबे उघडले गेले. हिच्या डब्यातला दालचा आणि तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी, एवढ्यावर ओळख झाली. आता लोह्याची मुलगी फोनवर हिच्या अम्मीशी ‘क्या करतेव अम्मी?’ असे दखनी बोलते आणि अम्मी पलीकडे हसून बेजार होतात.

रमजानमध्ये मेसच्या काकू संध्याकाळीच दोन डबे देतात, दुसरा सहरीसाठी. घरी सहरीला गरम खिचडी-खट्टा असतो, इथे थंड पोळी-भाजी. तरी उठवायला घरासारखेच कोणीतरी हवे असते. अलार्म लावते ती लोह्याची मुलगी, कारण रोजा धरणारीची झोप गाढ! रमजान चांद्रमास आणि एकादशीही तिथीची, त्यामुळे प्रत्येक रमजानात एकादशी येतेच. त्या दिवशी एकीचा रोजा, दुसरीचा उपास. मुखेडची मुलगी म्हणते, ‘आज मेसचे तिन्ही डबे माझे.’

इथवर सगळे गोड आहे. न दिसणारी बाजू फोनवर असते.

रोज संध्याकाळी सात-साडेसातला घरून फोन येतो. जेवलीस का? जेवले. तब्येत? ठीक. अभ्यास? चालू आहे. दोन्हीकडून हीच उत्तरे ठरलेली. याच मुलीला मागच्या वर्षी परीक्षेच्या आधी टायफॉईड झाला. आठ दिवस ताप. दोघी पार्टनरनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेले, रक्त तपासले, सलाईन लावली, पैसे आपसांत गोळा केले. घरी मात्र पत्ता नाही. आवाज का बसला, तर म्हणे थंड पाणी प्याले.

गंमत अशी, की घरचेही खरे सांगत नव्हते. अब्बू मोटारसायकलवरून पडून पायाला प्लास्टर होते. व्हिडिओ कॉलवर ते कायम भिंतीला टेकून बसलेले. चेहरा तेवढा दिसायचा, पाय नाही. मुलीची परीक्षा बिघडू नये म्हणून. शेवटी लोह्याच्या मुलीच्या आईने कुठून तरी नंबर मिळवून कळमनुरीला फोन केला आणि पोरीच्या तापाची बातमी पोचली. अम्मी पहिल्या गाडीने नांदेडला आल्या, तेव्हा प्लास्टरचेही निघाले. त्या रात्री खोलीत सगळ्याच रडल्या.

मी तिला विचारले, का लपवलेस? तिने आपल्या चुलत बहिणीचे सांगितले. ती पहिल्या वर्षाला आजारी पडून घरी आली, ‘शहरातली हवा मानवत नाही’ असे ठरले आणि पुढच्या उन्हाळ्यात निकाह झाला. कॉलेजचा दाखलाही आणला नाही. ‘मॅडम, ताप उतरला असता. पण पुन्हा नांदेडला पाठवले असते का?’

आई-वडिलांची काळजी खोटी नसते, हे मी दोन मुलींची आई म्हणून जाणते. नातेवाईक बोलतात, मोहल्ला बोलतो, रस्त्यावरची भीतीही काल्पनिक नाही. पण आजारपणाचे बक्षीस म्हणून शिक्षण बंद होणार असेल तर कोणती मुलगी खरे सांगेल? आपण म्हणतो, ताप आला तर कळव, आम्ही येऊ, दवाखान्यात नेऊ. पुढचे वाक्य घरात बोललेच जात नाही: बरी झालीस की आम्हीच पुन्हा सोडून येऊ. मुली त्या एका वाक्यासाठी कान देऊन असतात.

मुलांचे वेगळे आहे. त्यांना परत बोलावण्याची भीती नसते, म्हणून त्यांची विचारपूसही होत नाही. मेसचे पैसे मोबाईलच्या रिचार्जात जातात आणि पोरगा पोहे-वडापाववर महिना काढतो. पूर्वी गावाकडून एसटीने डबा यायचा, तेव्हा रिकामा डबा परत जायचा आणि पोरगा जेवला की नाही ते आईला कळायचे. फोन पेने पाठवलेले पैसे काही परत येऊन सांगत नाहीत.

या मुलीला सुटीनंतर सोडायला अब्बू स्वतः आले, काठी टेकत. घरमालकाच्या ओट्यावर बसून त्यांनी लोहा आणि मुखेड, दोन्हीकडच्या आयांचे नंबर खिशातल्या डायरीत लिहून घेतले, मोबाईलवर भरवसा नाही म्हणून. आपला नंबरही दोघींना दिला. त्या तिघी आया अजून एकमेकींना भेटलेल्या नाहीत. परवा अम्मी सांगत होत्या, लोह्याच्या ताईंना त्यांच्या पोरीचा फोन दोन तास लागला नाही, तर त्यांनी आधी कळमनुरीला लावला. पोरगी झोपली होती. अम्मींनीच रूमवर फोन करून उठवले.